तुला सुचतं कुठून?

हा प्रश्न मला डिझाइन शिकणारी मुलं विचारतात तेव्हा त्यांना नावं हवी असतात: कोणाचं काम बघतेस, सध्या कोणते रंग चालतात. लोकमान्यनगरातल्या काकू-मावश्या विचारतात तेव्हा त्याला एक शेपूट असतं. "एवढं शिकलीस, मग पुण्याला नाहीतर बंगळुरूला का नाही गेलीस गं? इथे इंदुरात काय सुचणार?" आजवर सगळ्यांना उभ्या-उभ्या काहीतरी सांगून मोकळी झाले. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

आधी काम काय ते सांगते. विजयनगरात आमची सातजणांची कंपनी आहे आणि आम्ही एकच ॲप करतो. वयस्क माणसांना औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं, हिंदीत आणि मराठीत. डिझायनर मी एकटीच. मोठ्या कंपनीत एकजण चिन्हं काढतो, दुसरा मजकूर लिहितो, तिसरा वापरणाऱ्यांना भेटतो. इथे ते सगळं माझ्याकडे आहे, आणि दुपारचे मदतीचे फोनही मीच घेते. ते मी मागून घेतलेत. "बेटा, वो हरा वाला दब ही नहीं रहा," असं कोणी सांगू लागलं की दिवसभर फिग्मात, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, रेघा ओढून जे कळत नाही ते दोन मिनिटांत कळतं.

कारण मला सगळ्यात जास्त सुचतं ते हातांकडे बघून. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं बोट फोनवर कसं पडतं ते एकदा लक्ष देऊन बघा. आयुष्यभर दिव्याची, पंख्याची, मिक्सरची बटणं दाबलेली ही माणसं. ती बटण नीट जोर देऊन दाबतात आणि काम झाल्याची खात्री पटेपर्यंत बोट उचलत नाहीत. फोनवर मात्र बोट अर्धा सेकंदभर टेकून राहिलं की फोन ते वेगळी आज्ञा समजतो आणि भलताच मेनू उघडतो. त्यात वयाबरोबर बोटांची कातडी कोरडी पडते, कोरडं बोट काचेला कमी जाणवतं, म्हणून माणूस आणखी जोर लावतो आणि आणखी वेळ दाबून धरतो. आणि मग म्हणतो, "मला नाही जमत हे." हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या माणसाचं काहीच चुकलेलं नसतं. आमच्या ॲपमध्ये दाबून धरण्याला वेगळा अर्थच ठेवलेला नाही. टेकवलं काय, दाबून धरलं काय, 'घेतली' म्हणजे घेतली. गूगलची नियमावली बटण किमान ४८ डीपीचं (डीपी हे पडद्यावरचं माप), म्हणजे साधारण नऊ मिलिमीटरचं असावं असं सांगते. आमचं 'घेतली' हे बटण पडद्याच्या पूर्ण रुंदीचं आहे.

डोळ्यांचंही तसंच. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा प्रकाश अडवू लागतं. आम्हा डिझायनर मंडळींना प्रिय असलेल्या फिकट निळ्या आणि राखाडी छटा तिथे विरून जातात. वेबसाइट सर्वांना वाचता याव्यात म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ : १ असावा असं म्हटलंय, आणि त्याहून कडक निकष ७ : १ चा. मी सातच्या खाली उतरत नाही. त्यामुळे आमचा पडदा फॅशनेबल दिसत नाही, हे मला मान्य आहे. वैशाखात ओसरीवर बसलेल्या आजोबांना तो वाचता येतो, आणि मला तेवढंच हवं आहे.

दुसरी जागा म्हणजे औषधाच्या दुकानाचा काउंटर. एमवाय हॉस्पिटलच्या आसपास अशी दुकानं पुष्कळ आहेत. एकाच्या मालकांनी मला कोपऱ्यात उभं राहायची परवानगी दिली आहे. संध्याकाळी गर्दी असते, चिठ्ठीवर १-०-१ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) लिहिलेलं असतं, आणि समोरच्याला वाचता येतंच असं नाही. मग काउंटरवरचा मुलगा स्ट्रिपच्या मागे पेनाने खुणा करतो. सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्रकोर, जेवणानंतर घ्यायची असेल तर खाली ताटलीसारखा गोल. हे तो कुठे शिकलेला नाही. समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर समजल्याची खूण दिसेपर्यंत तो काढत राहतो, आणि ती दिसली की थांबतो. माझ्या मते या शहरातल्या चांगल्या डिझायनरांपैकी तो एक आहे. ते मी त्याला सांगितलंही. तो लाजला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याच काउंटरवर मला कात्री दिसली. पंधरा गोळ्यांच्या स्ट्रिपमधून सहाच हव्या असल्या तर ती कापून देतात, आणि मुदतीची तारीख बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. २०२३च्या ऑगस्टपासून तीनशे ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक झालं. तो स्कॅन केला की बॅच आणि मुदत कळते, पण कापलेल्या तुकड्यावर तो कोड असेलच असं नाही. म्हणून आमच्या ॲपमध्ये नवीन औषध नोंदवताना पहिलाच प्रश्न असतो, स्ट्रिप पूर्ण आहे की कापलेली? कापलेली असेल तर तारीख तिथेच, दुकानात उभं असताना विचारून घ्या, असं ॲप सांगतं. घरी गेल्यावर ते सांगून उपयोग नसतो.

आता गुरुजींबद्दल. चित्रकार विष्णू चिंचाळकर हे नाव इंदूरच्या मराठी घरांत फक्त 'गुरुजी' एवढंच उच्चारलं जायचं. चित्रकार देवळालीकरांनी १९२७मध्ये इथे चित्रकलेची शाळा काढली आणि तिच्या परंपरेतून बेंद्रे, हुसेन, गुरुजी असे एकाहून एक चित्रकार आले. बेंद्रे पुढे बडोद्याला गेले, हुसेन मुंबईला. गुरुजी इथेच राहिले. वाळकी पानं, काटक्या, साली, फुटके तुकडे घ्यायचे आणि त्यांतच पक्षी, माणूस, गणपती बघायचा. आकार त्या काटकीत आधीपासून असायचाच, त्यांचा हात तिला फार कमी लागायचा. माझ्या कामात मला याचा थेट उपयोग झाला. औषधांसाठी आम्ही गोळीची गोंडस चिन्हं काढायला घेतली होती: गोल, लांबट, दोन रंगांची. पण घरातल्या आजींना त्यांची बीपीची गोळी चिन्हाने ओळखू येत नाही. ती ओळखू येते चंदेरी स्ट्रिपवरच्या जांभळ्या पट्ट्याने, तिच्या दुमडलेल्या कोपऱ्याने. मग चिन्हं बाजूला ठेवली. आता स्ट्रिपचा फोटो काढायचा आणि तोच त्या औषधाचा चेहरा. काढायचं काही नव्हतंच, बघायचं होतं.

माणिकबागेचं मी एवढंच सांगेन. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने १९३०च्या सुमारास तो महाल बांधला, आतलं सामानसुद्धा त्याच विचाराने घडवलं. आता तिथे सरकारी कार्यालय आहे आणि त्यातलं बरंचसं सामान केव्हाच परदेशी लिलावात गेलं. पण तिथल्या वाचनालयासाठी केलेल्या लाल आरामखुर्च्यांचे फोटो माझ्या टेबलासमोर लावलेले आहेत. खुर्चीच्या पाठीतच दिवे बसवलेले, वाचणाऱ्याच्या खांद्यापाशी. ते बघून मी आमचं 'मदत' नावाचं पान काढून टाकलं. जिथे प्रश्न पडतो, त्याच ओळीखाली उत्तर लिहिलं.

आणि रोज सकाळी दारात येणारी कचरागाडी. इंदूर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं, याची चर्चा सगळीकडे होते. मला मात्र त्या गाडीच्या कप्प्यांचं कौतुक आहे. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी, घातक, असे सहा प्रकार या शहरातली घरं वेगळे करतात. गाडीपाशी बादली घेऊन उभी असलेली बाई पाटी वाचत नाही. काय कुठे टाकायचं ते तिच्या हाताला ठाऊक असतं, कारण कप्पा रोज त्याच जागी असतो. आमच्या पडद्यावर सकाळ वर, दुपार मध्ये आणि रात्र खाली असते. दुपारचं औषध नसलं तरी दुपारची जागा रिकामी राहते, रात्र वर सरकत नाही. आमच्या प्रोग्रामरला ती रिकामी जागा बरेच दिवस खटकत होती. मी हटले नाही.

अक्षरांबद्दल लिहायला बसले तर हे संपायचं नाही, म्हणून एकच गोष्ट. मराठीतले ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकूर मराठी आहे हे ॲपने स्वतः सांगितलं तरच मराठी वळण उमटतं. हे करायला अर्धा दिवस लागला आणि कंपनीत कोणाच्या लक्षातही आलं नाही. सुदामानगरातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मात्र पहिल्याच पडद्यावर बोट ठेवलं. "हा आपला ल आहे," म्हणाल्या. पुढे अर्धा तास त्यांनी ॲपमधली प्रत्येक ओळ वाचली आणि दोन ठिकाणी वाक्यं सोपी करून दिली. ती तशीच ठेवली आहेत.

तर मावशी, मी का नाही गेले? ज्यांच्यासाठी काम करते ती माणसं मला इथे चालत जाऊन भेटता येतात. दरवाजा उघडतात, पोहे पुढे करतात, औषधाचा डबा उघडून दाखवतात. त्या डब्यात स्ट्रिपा कशा ठेवल्यात, कशाला रबर लावलंय, कुठल्या गोळ्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत काढून ठेवल्यात, हे दुसऱ्या शहरात बसून मला कोणी सांगणार नाही. पगार तिकडे जास्त आहे, ते खरं. मोठ्या टीमकडून शिकायला मिळतं, तेही खरं. त्याची उणीव मला जाणवते.

आणि शिकणाऱ्या मुलांनो, नावं हवी असतील तर देईन. पण आधी एक संध्याकाळ औषधाच्या दुकानात उभे राहा. सध्या मी अर्ध्या गोळीपाशी अडले आहे. काही औषधं सोम-बुध-शुक्र अर्धी आणि इतर दिवशी पूर्ण घ्यायची असतात. अर्धी गोळी फोटोत कशी दाखवायची, आणि तोडलेला दुसरा अर्धा भाग कुठल्या दिवशी वापरायचा हे पडद्यावर कसं सांगायचं? आतापर्यंत केलेले सगळे पर्याय पूर्ण गोळीसारखेच दिसतात. काउंटरवरच्या त्या मुलाला उद्या विचारणार आहे.