तुम्ही विचारलंत म्हणून : घरचं बी धरलं तर कांदा तसाच येतो का?

"यंदा कांदा फार छान आला. त्यातलेच चार-पाच टपोरे कांदे ठेवून बी धरलं, तर पुढचा कांदाही असाच येईल ना?" हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कायम विचारला जातो. सरळ वाण (ज्याचं बी पिढ्यान्पिढ्या घरीच धरता येतं) असेल तर कांदा तसाच येतो, मात्र चार-पाच कांद्यांवर भागत नाही, निदान दोनशे लागतात. हायब्रीड (दोन वेगळ्या ओळींचा संकर करून तयार केलेलं बी) असेल तर तसा येत नाही, आणि पुष्कळदा बीच धरत नाही. दोन्हींची कारणं कांद्याच्या फुलात आहेत, म्हणून आधी फूल पाहू.

कांद्याच्या दांड्याच्या टोकाला फुलांचा गोंडा येतो. एका गोंड्यात साधारण दोनशे ते सहाशे फुलं असतात आणि ती दोन ते चार आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर. त्यातले आतले तीन आधी फुटतात, मग बाहेरचे तीन. फूल उमलतं तेव्हा कुक्षीचा (म्हणजे पराग घेणाऱ्या टोकाचा) दांडा जेमतेम १ मिलिमीटर असतो. पराग झडून गेल्यावर तो वाढत ५ मिलिमीटरच्या आसपास जातो आणि तेव्हा कुठे कुक्षी पराग घ्यायला तयार होते. त्यामुळे फुलाचा पराग त्याच फुलाच्या कामी येत नाही. त्याच गोंड्यातल्या दुसऱ्या फुलाचा येऊ शकतो, म्हणून थोडं स्वफलन होतंच, पण बहुतेक बी माश्यांनी दुसऱ्या झाडावरून आणलेल्या परागाचं असतं. एका फुलात तीन कप्पे, प्रत्येकात दोन बीजांडं, म्हणजे जास्तीत जास्त सहा बिया. प्रत्यक्षात त्याहून कमीच भरतात.

पिढ्यान्पिढ्या असं परपरागीभवन चालू असल्यामुळे प्रत्येक झाडात बरीच कमजोर जनुकं दडलेली असतात. जोडीतलं दुसरं जनुक चांगलं असेपर्यंत ती दिसत नाहीत. स्वफलन केलं, किंवा मोजक्याच झाडांचा आपापसात संकर होत राहिला, की दोन्ही बाजूंनी तेच कमजोर जनुक येतं. मग रोपं पिवळी पडतात, उगवण घटते, कांदा बारीक राहतो. काही ओळी (एकाच झाडापासून चालत आलेली संतती) स्वफलनाच्या दोन-तीन पिढ्यांतच जगवणं अवघड होतं. याचा हिशेब सोपा आहे. दर पिढीला अंतःप्रजनन साधारण १ भागिले (२ गुणिले झाडांची संख्या) इतकं वाढतं. दहा कांद्यांवर बी धरलं तर दर पिढीला ५ टक्के, म्हणजे पाच पिढ्यांत २२-२३ टक्के. दोनशे कांद्यांवर धरलं तर दर पिढीला फक्त पाव टक्का. वाण त्या सगळ्या झाडांच्या समूहात जपलेला असतो. सगळ्यात देखणा एकच कांदा निवडून त्याचं बी धरणारा माणूस वाण सुधारायला निघतो आणि मोडून बसतो.

आता बी धरायची रीत. सुरुवात शेतात करायची, कांदे चाळीत गेल्यावर उशीर झालेला असतो. पात पडायला लागली की वाणाच्या वेळेत पक्व झालेली झाडं हेरून ठेवा. जाड मानेचे, जोडकांदे आणि डेंगळे (वेळेआधीच फुलाचा दांडा) आलेले कांदे तिथेच बाजूला काढा. डेंगळ्यांचं बी घेण्याचा मोह फार होतो, कारण ते आयतं, एका हंगामात मिळतं. ते घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कांद्याला फुलायला साधारण ८ ते १२ अंशांची काही आठवड्यांची थंडी लागते. पोसण्याआधीच, थोड्याशा थंडीत जे झाड दांडा काढतं, ते डेंगळे येण्याची प्रवृत्ती पुढच्या पिढीला देतं. शिवाय त्याचा कांदा कसा झाला असता, टिकला असता का, हे तुम्हाला कळलेलंच नसतं. असं बी तीन-चार पिढ्या वापरलं की शेतात डेंगळे वाढत जातात आणि दोष हवामानाला दिला जातो.

पाच हजार कांद्यांतून चारेकशे निवडा. ६० ते ८० ग्रॅमचे, मान बारीक, रंग आणि आकार वाणाला धरून. सगळ्यात मोठे घेऊ नका. कांद्यात आकार आणि घट्टपणा सहसा उलट जातात. मोठ्या कांद्यात पाण्याचा अंश जास्त, विद्राव्य घनपदार्थ कमी, आणि तो लवकर सडतो किंवा कोंब काढतो. निवडलेले कांदे हवेशीर जागी तीन-चार महिने ठेवा. टिकाऊपणाची निवड करायला याहून स्वस्त उपाय नाही. कोंब आलेले, मऊ पडलेले, काळी बुरशी धरलेले काढत गेलात की दोन-अडीचशे उरतील. लावताना प्रत्येकाचा वरचा पाव ते एक तृतीयांश भाग कापा. त्याने कोंब लवकर फुटतात, आणि गाभा एक आहे की दोन-तीन, हेही दिसतं. एकाच गाभ्याचे कांदे लावा. ही दोन मिनिटांची तपासणी बहुतेक जण गाळतात आणि मग जोडकांद्यांची तक्रार करतात.

लावणीत दोन ओळींत ४५ ते ६० सेंटिमीटर आणि दोन कांद्यांत ३० सेंटिमीटर ठेवा. दुसरा कुठलाही फुलणारा कांदा किमान १ किलोमीटर लांब हवा, दीड असेल तर उत्तम. तेवढं अंतर मिळत नसेल तर जाळीचा पिंजरा करून आत मधमाश्या किंवा घरमाश्यांच्या जातीतल्या माश्या सोडाव्या लागतात. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम फार असतं. मधमाश्यांना तो फारसा आवडत नाही, आणि शेजारी दुसरं काही फुललं असेल तर त्या तिकडेच वळतात. गोंडे पोकळ राहायचं हे एक नेहमीचं कारण, आणि ऐन फुलोऱ्यात केलेली कीटकनाशकाची फवारणी हे दुसरं. गोंड्यातली साधारण १० ते २० टक्के बोंडं उकलून काळं बी दिसू लागलं की गोंडा कापा. सगळे एका दिवशी तयार होत नाहीत, दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. मळणी झाल्यावर प्रत्येक झाडाचं सारखंच बी मोजून एकत्र करा, नाहीतर भरघोस गोंड्यांची दहा-बारा झाडं अर्धं बी व्यापतात आणि दोनशे कांदे लावूनही उपयोग राहत नाही.

इतकं करूनही रंग बिघडला म्हणून विचारणारे पुष्कळ असतात. कांद्याचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात, पण तीन कळली तरी बरंच काम भागतं. पहिलं, रंग मुळात येऊ द्यायचा की नाही हे ठरवणारं. त्याची कमजोर जोडी असेल, म्हणजे दोन्ही प्रती कमजोर असतील, तर कांदा पांढरा. दुसरं, लाल करणारं. त्याची कमजोर जोडी असेल तर पिवळा. तिसरं, रंग दाबून टाकणारं. हे प्रबळ आहे, त्याची एक प्रत असली तरी लाल रंग येत नाही, कांदा मळकट पांढरा दिसतो, आणि दोन असल्या तर शुभ्र. म्हणजे पांढरे कांदे दोन जातींचे झाले, कमजोर जोडीने पांढरे आणि दाबणाऱ्या जनुकाने पांढरे. नुसतं बघून ते ओळखता येत नाहीत.

यातून एक गंमत होते. पांढऱ्या कांद्यात लाल करणारं जनुक दडलेलं असू शकतं, फक्त रंगच येत नसल्यामुळे ते दिसत नाही. अशा पांढऱ्याचा पिवळ्याशी संकर झाला की पहिली पिढी लाल निघते. बी विकणाऱ्याने लाल मिसळला असा संशय येतो, पण मिसळ परागाची असते. त्या लाल कांद्यांचं आपापसात बी धरलं तर पुढे सोळात सरासरी नऊ लाल, तीन पिवळे, चार पांढरे निघतात. हे प्रमाण दिसलं की संकर नक्की.

भेसळ ओळखण्यात यामुळे मोठा फरक पडतो. कमजोर जोडीच्या पांढऱ्या वाणात लालचा पराग शिरला, तर पुढच्याच पिढीत रंगीत कांदे दिसतात, उपटले की संपलं. लाल वाणात पांढऱ्याचा पराग शिरला, तर कांदे लालच दिसतात आणि भेसळ लपून राहते. समजा, लाल कांद्यात दर शंभरात एक पांढरा निघतो. म्हणजे त्या समूहात पांढऱ्याचं जनुक १० टक्के आहे, आणि ते लपवून फिरणारे लाल कांदे १८ टक्के. दर पिढीत पांढरे उपटून टाकले तरी पुढच्या वेळी ते ०.८ टक्क्यांच्या आसपासच येतात. निम्म्यावर यायला चार पिढ्या लागतात, आणि एक पिढी कांदा एकदा, बी एकदा अशी दोन हंगामांची, म्हणजे एकूण आठ हंगाम. म्हणून लाल वाणाच्या बाबतीत विलगीकरणात, म्हणजे दुसऱ्या कांद्यापासूनच्या अंतरात, तडजोड करू नये. निवडीने ती भरून निघत नाही.

आता हायब्रीड. कांद्याच्या फुलातले सहा पुंकेसर हाताने काढून संकर करता येतो. चिमट्याने, सकाळी परागकोश फुटायच्या आत, रोज नव्या कळ्यांवर. प्रयोगापुरतं ते ठीक आहे. आई पिवळी आणि बाप शुद्ध लाल घेतला तर संकराची संतती लाल निघते, चुकून स्वफलन झालेली पिवळी, म्हणजे पडताळाही आपोआप होतो. पण व्यापारी बियाण्यासाठी हे अशक्य. तिथे वाट सापडली ती कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे. १९२५ साली कांद्याचे पैदासकार हेन्री जोन्स यांना 'इटालियन रेड' वाणात एक झाड दिसलं, त्याला बी धरत नव्हतं, पण गोंड्यात छोटे छोटे कांदे येत होते. त्या कांद्यांवरून ते झाड जगवलं गेलं, आणि १९४३ मध्ये जोन्स आणि क्लार्क यांनी त्यामागचा आनुवंशिक हिशेब मांडला. पेशीद्रव (पेशीतला केंद्रकाबाहेरचा भाग) नरवंध्य, म्हणजे पराग न येऊ देणाऱ्या प्रकारचं असेल आणि केंद्रकातल्या एका जनुकाची जोडी कमजोर असेल, तर झाडाला कामाचा पराग येत नाही. पेशीद्रव फक्त आईकडून येतं. म्हणून तीच कमजोर जोडी, पण साधं पेशीद्रव असलेल्या झाडाचा पराग वापरला की संतती पुन्हा सगळी नरवंध्य. अशा झाडाला राखणदार ओळ म्हणतात.

खरी मेहनत ही राखणदार ओळ शोधण्यात आहे. एका झाडाचा पराग नरवंध्य झाडावर टाकायचा आणि त्याच झाडाचं स्वफलनाचं बीही ठेवायचं. संतती सगळी नरवंध्य निघाली तर ते झाड राखणदार. निम्मी निघाली तर त्याच्यात मिश्र जोडी. एकही निघाली नाही तर निरुपयोगी. हे कळायलाच कांदा आणि फूल असे दोन हंगाम जातात, आणि पुढे पाच-सहा पिढ्या उलट संकर करायचा, म्हणजे दर पिढीची नरवंध्य संतती पुन्हा त्याच राखणदार ओळीशी जुळवायची. आता पेशीद्रवाचा प्रकार पानाच्या तुकड्यावरून डीएनए तपासून रोपातच कळतो, त्यामुळे नको असलेली झाडं आधीच गाळता येतात. न उमललेल्या कळ्या काचपात्रात वाढवून बीजांडापासून एकपट (नेहमीच्या निम्म्या) गुणसूत्रांची रोपं मिळवतात आणि त्यांची गुणसूत्रं दुप्पट करून शुद्ध ओळी एका झटक्यात तयार करतात. मात्र सगळे वाण याला सारखे दाद देत नाहीत.

बाजारातल्या हायब्रीडची आई अशी नरवंध्य असते. कांदा पिकवायला बी लागत नाही, म्हणून बापाने परागक्षमता परत आणली पाहिजे अशी सक्ती नसते. बापही कमजोर जोडीचा असेल तर तुमच्या शेतातलं प्रत्येक झाड नरवंध्य. गोंडे भरून फुलतात आणि बोंडं पोकळ राहतात. बाप प्रबळ जोडीचा असेल तर बी धरतं, पण पुढची पिढी विस्कळीत येते. संकरजोम (संकरामुळे आलेला जास्तीचा जोम) साधारण निम्मा गेलेला, आकार आणि पक्वता मागेपुढे, आणि चारातलं एक झाड पुन्हा नरवंध्य.

सरळ वाणाच्या शेजारी हायब्रीडचे कांदे फुलू देऊ नका ते याच कारणाने. ती नरवंध्य झाडं तुमच्या वाणाचा पराग घेऊन भरपूर बी देतात, आणि ते बी चुकून एकत्र झालं की नरवंध्य पेशीद्रव तुमच्या समूहात कायमचं शिरतं. फुलोऱ्यात एकदा सकाळी, ऊन चढायच्या आत, ओळीतून फिरा आणि उमललेल्या फुलांना बोट लावून पाहा. बोटाला पिवळी भुकटी लागली तर झाड चांगलं. परागकोश फिकट, आक्रसलेले आणि बोट कोरडंच राहिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच गोंड्यातली नवी फुलं बघा. तीही तशीच असतील तर तो गोंडा बी भरायच्या आत कापून टाका.