फोटो काढला की फॉर्म कोरा

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याच्या ॲपची तक्रार आली ती आंबिया बहाराच्या ऐन गर्दीत. "फोटो काढला का सारं उडून जाते न भाऊ," मुनीमजी एवढंच सांगत होते. संत्र्याच्या गाडीचा नंबर, वजन, प्रत, भाव भरायचा आणि शेवटी ढिगाचा फोटो. आयटी पार्कमधल्या आमच्या टेबलावर ॲप चुकेचना, कारण तिथे फोन उभा धरूनच फोटो निघत होते. मुनीमजींना पसरलेला ढीग मावायला फोन आडवा धरावा लागे.

आडव्या फोनवर कॅमेऱ्यातून परत आलं की अँड्रॉइड फॉर्मची ॲक्टिव्हिटी, म्हणजे तो पडदाच, मोडून नव्याने उभी करतं. आयडी असलेला एडिटटेक्स्ट (मजकूर भरायचा रकाना) आपला मजकूर स्वतः जपतो. पण क्रेटच्या ओळी कोडमधून, आयडी न देता जोडलेल्या, त्या गेल्या. प्रतीची यादी सर्व्हरवरून उशिरा येई, म्हणून स्पिनर (निवडीचा रकाना) पहिल्याच नोंदीवर जाऊन बसे. फोटोची यूआरआय (फाइलचा पत्ता) साध्या व्हेरिएबलमध्ये होती. कॅमेऱ्याकडून फोटो काढून घेणारं टेकपिक्चर परत येताना फक्त 'जमलं' की 'नाही' एवढंच कळवतं, फाइल कुठे आहे ते नाही. नव्या ॲक्टिव्हिटीत यूआरआय नल (रिकामी), म्हणून फोटो डिस्कवर असूनही फॉर्मला सापडत नव्हता.

ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये कॉन्फिगचेंजेसपुढे, म्हणजे कोणते बदल झाले तरी ॲक्टिव्हिटी मोडू नये त्या यादीत, 'ओरिएंटेशन' लिहिलेलं होतंच. अँड्रॉइड 3.2 पासून सोबत 'स्क्रीनसाइज' लागतं, ते नव्हतं. ते घालताच आडव्या फोनची तक्रार बंद झाली. बरेच जण इथेच काम संपवतात, आणि पुढच्या हंगामात तीच तक्रार पुन्हा येते. कमी रॅमच्या फोनवर, तोही उभा धरलेला असताना, फॉर्म कोरा होतच होता. कॅमेरा उघडला की सिस्टिम मेमरीसाठी आपली अख्खी प्रोसेस (चालू असलेलं ॲप) मारते. त्यापुढे कॉन्फिगचेंजेस काय करणार? पडद्याची माहिती धरून ठेवणारं व्ह्यूमॉडेलही रोटेशन तेवढं झेलतं, प्रोसेस मेली की तेही जातं.

म्हणून विभागणी अशी केली: भरलेला फॉर्म फोनवरच्या रूम डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून, आणि मसुद्याचा आयडी व फोटोची यूआरआय सेव्हडस्टेटहँडलमध्ये, जे प्रोसेस मेली तरी टिकतं. कॅमेरा उघडून निकाल घेणारा लाँचर ॲक्टिव्हिटी बनतानाच, कोणतीही अट न घालता नोंदवला. तो बटण दाबल्यावर नोंदवला तर परत आलेला निकाल घ्यायला कोणी नसतं.

जुन्या कोडमध्ये फोटोचा बिटमॅपच (अख्खं चित्र) बंडलमध्ये, म्हणजे पडद्याची स्थिती जपणाऱ्या गाठोड्यात, टाकलेला होता. 640 गुणिले 480 चं छोटं चित्रही पिक्सेलमागे 4 बाइट धरून 12 लाखांवर बाइट होतं, आणि ॲप व सिस्टिममध्ये माहिती नेणाऱ्या बाइंडरचा बफर जेमतेम 1 एमबी, तोही सगळ्या व्यवहारांत वाटलेला. यात फसगत अशी की नुसता फोन फिरवला तर बंडल आपल्याच प्रोसेसमध्ये राहतं आणि सगळं ठीक दिसतं. कॅमेऱ्यात किंवा होमवर गेलं की ते सिस्टिमकडे जातं, आणि ॲप आपटतं.

तपासताना डेव्हलपर सेटिंगमधल्या 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज'वर भागत नाही. त्यात प्रोसेस जिवंत राहते, त्यामुळे सिंगलटनमध्ये (ॲपभर एकच असलेल्या ऑब्जेक्टमध्ये) लपलेली माहिती टिकून दिसते. कॅमेरा उघडा ठेवून संगणकावरून फोनला हुकूम देणाऱ्या एडीबीवरून 'ॲम किल' (प्रोसेस मारायचा हुकूम) द्यायचं, मग फोटो काढून परत यायचं.

ॲप आडवं होऊच नये म्हणून उभ्याला कुलूप लावायची सूचनाही आली होती. अडत्याच्या काउंटरवर टॅबलेट आहे, आणि अँड्रॉइड 16 ला टार्गेट केलं की किमान रुंदी 600 डीपी (स्क्रीनच्या मापाचं एकक) असलेल्या स्क्रीनवर सिस्टिम ते कुलूप मानत नाही. तिथला आडवा लेआउट आता वेगळा करायला घेतलाय.