रोजनिशी : येण्याचा खर्च

'वंचित वस्तीतल्या पोरांना आस्थाच नसते, म्हणून ती मोहिमेला येत नाहीत.' सामाजिक मागण्यांच्या मोहिमा आखण्याच्या बैठकांत हे वाक्य फार सहज बोलले जाते. आज ते पुन्हा मनात घोळते आहे आणि मला ते मुळीच मान्य नाही. आस्था असते, येणे परवडत नाही. रोजंदारीवरच्या पोराचा एक खाडा पडला की त्या दिवसाचे पैसे गेले. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीला घरातून निघायला कारण द्यावे लागते. बैठक वरच्या मजल्यावर ठेवली की चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा जिन्यापाशीच थांबतो.

म्हणून आवाहनाचा मजकूर लिहिण्याआधी येण्याचा खर्च मांडायचा. प्रवासखर्च आल्या आल्या रोख हातात द्यायचा. 'पावती द्या, नंतर देऊ' म्हटले की ज्याच्या खिशात आज पैसे नाहीत तो येतच नाही. वेळ त्यांना विचारून ठरवायची, धाकटी भावंडे सोबत चालतील असे आधीच सांगायचे. पहिल्या बैठकीला आठ-दहा जण पुरेत आणि वेळ दीड तासापेक्षा जास्त नको. एकट्यादुकट्याला बोलावू नये, दोघा-तिघा मित्रमैत्रिणींना मिळून बोलवावे. अनोळखी लोकांत एकटे पडलेले पोर गप्प बसते आणि दुसऱ्यांदा येत नाही.

पुढची अडचण जास्त खोल आहे. मागणी ठरलेली, फलक छापलेले, घोषणा तयार, आणि मग तरुणांना बोलावले जाते. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांना वापरून घेणे, शोभेला उभे करणे आणि नावापुरते सामील करणे यांना, ते सहभाग मानतच नाहीत. कितीतरी मोहिमा तिथेच अडकून राहतात आणि पोरांना ते लगेच कळते.

त्यामुळे पहिला निर्णय त्यांच्या हाती हवा आणि तो खराच हवा: कोणता प्रश्न घ्यायचा? इथे मात्र मदत लागते. 'पाणीटंचाई दूर करा' ही मागणी कोणालाच बांधून ठेवत नाही. 'या नळाला पाणी सकाळी कामावर जाण्याआधी सोडा' ही बांधते, कारण ती कोणी मान्य करायची हे माहीत असते. प्रत्येक मागणीला तीन प्रश्न लावायचे: हे करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, तो माणूस कोणाचे ऐकतो, आणि पहिला छोटा बदल महिन्याभरात दिसेल का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर मागणी आणखी लहान करावी. पहिले यश लवकर दिसले नाही की गळती सुरू होते. खर्चाचा काही भागही त्यांच्याच सहीने निघावा, रक्कम लहान असली तरी चालेल.

हमखास बिघडते ते असे: जो नीट बोलतो त्याच्याच हातात माईक राहतो. दोन-तीन कार्यक्रमांत तो मोहिमेचा चेहरा होतो, बाकीचे प्रेक्षक होतात, आणि तो थकला की सगळेच थांबते. बैठक चालवणे, टिपणे घेणे, अधिकाऱ्यांशी बोलणे ही कामे दर वेळी फिरती ठेवावीत. ज्याला वाचायला जड जाते त्याला निरोप आवाजात पाठवावा. पण फोन घरात सामायिक असेल तर तो निरोप कोण ऐकेल, हेही आधी विचारावे.

स्वतःचे दुःख सांगायला लावणे मला सर्वांत जास्त खटकते. व्यासपीठावर अनुभव सांगणे ऐच्छिकच असले पाहिजे. बोलणाऱ्याने काय सांगायचे नाही हे आधी ठरवावे, आणि बोलून झाल्यावर ओळखीचे कोणीतरी सोबत असावे. फोटो, नाव आणि चित्रफीत यांची संमती प्रत्येक वापरासाठी वेगळी घ्यावी. अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची घ्यावीच, पण त्याची स्वतःचीही घ्यावी. संमती मागे घेता येते, मात्र पसरलेला फोटो परत घेता येत नाही, हे सहीआधी स्पष्ट बोलावे. पोलिसांची, मालकाची किंवा शेजाऱ्यांची भीती असलेल्याला पडद्यामागचे काम द्यावे आणि त्याचा मान तेवढाच ठेवावा.

बालहक्कांच्या अभ्यासक लॉरा लंडी यांनी 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतल्या कलम 12 चा, म्हणजे मुलांचे म्हणणे विचारात घेतले जाण्याच्या हक्काचा, अर्थ चार गोष्टींत मांडला: जागा, आवाज, श्रोता आणि प्रभाव. पहिल्या दोन आपण कशाबशा जमवतो. श्रोता म्हणजे ज्याच्या हाती निर्णय आहे तो माणूस समोर बसलेला हवा, त्याने पाठवलेला प्रतिनिधी नव्हे. प्रभाव तपासायचा तर प्रत्येक सूचनेपुढे तिचे काय झाले ते लिहून, ठरलेल्या तारखेला, शक्यतो दोन आठवड्यांत, पोरांसमोर वाचून दाखवायचे. सूचना नाकारली असेल तर कोणी नाकारली, का, आणि पुन्हा कधी विचारायचे, हे त्याच कागदावर लिहायचे.