वाजणारे अलार्म आणि आमचं दुकान

सासऱ्यांनी ऐंशीच्या दशकात कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाळा घेतला तो गाड्यांच्या डायनॅमो आणि सेल्फच्या (स्टार्टरच्या) कामासाठी. आजूबाजूला फौंड्री, लेथ, ऑइल इंजिनचे पार्ट. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रक-ट्रॅक्टरची रांग लागायची. रात्री फडात सेल्फ अडकला की ड्रायव्हर पहाटेच दार ठोठवायचा. हंगाम संपला की मात्र पावसाळ्यापर्यंत बॅटऱ्या चार्ज करत बसायचं.

लग्नानंतर मी दुकानात आले ती हिशेब बघायला. कळंब्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली होते, त्यामुळे लवकरच बिलबुक बाजूला राहिलं आणि मीटर हातात आला. ‘वहिनी, शॉक बसंल’ म्हणणारे मिस्त्री होते. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

१९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका बाजारात आल्या, कर्जं सोपी झाली आणि पेठांतल्या अरुंद बोळांतही गाड्या उभ्या राहू लागल्या. गाडी दारात, म्हणजे रस्त्यावरच, म्हणून जो तो अलार्म बसवून घ्यायचा. आम्हीही पुष्कळ बसवले. पुढे सेंट्रल लॉक आणि इमोबिलायझर (मूळ चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारं यंत्र) कंपनीकडूनच येऊ लागले आणि ते काम आटलं. उरल्या त्या जुन्या गाड्या, ज्यांचे अलार्म चोर नसतानाही वाजत होते.

अशा गाडीवर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो: सायरनची वायर तोडायची. शेजारी खूश, मालक खूश. आमच्याकडे ते करायचं नाही असं ठरवलं, आणि दुकानाला नाव मिळालं ते त्यामुळे.

मंगळवार पेठेतल्या एका मास्तरांची गाडी आठवते. पंधरा वर्षं जुनी, पावसाळ्यात पहाटे हमखास वाजणारी. दिवसा दुकानात आणली की गप्प. आधीच्या गॅरेजनं शॉक सेन्सरचा, म्हणजे धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचा, स्क्रू पार खाली फिरवून ठेवला होता, तरी फरक नव्हता. गल्लीतल्यांनी मास्तरांशी बोलणं सोडलं होतं म्हणे.

आता अलार्मचं युनिट काय बघतं? दारांचे स्विच, बॉनेटचा स्विच, डिकीचा स्विच, धक्का ओळखणारा सेन्सर आणि इग्निशन. काही युनिटं बॅटरीचा व्होल्टेज अचानक पडला तरी ओरडतात. दार उघडलं की स्विचची वायर बॉडीला टेकते, म्हणजे ‘अर्थ’ (अर्थिंग) मिळतो, आणि युनिट समजतं की कोणीतरी उघडलं. या वायरीतून करंट जातो तो अगदी नगण्य. त्यामुळे पक्का अर्थ लागतोच असं नाही, ओलसर घाणीतून झिरपलेला थोडासा अर्थही पुरतो.

मास्तरांचं युनिट अनलॉक करताना लाइट ठरावीक वेळा मिचकावून शेवटचा अलार्म कुठून आला ते सांगत होतं. इशारा बॉनेटकडे होता. तो स्विच बॅटरीशेजारीच, रबरी टोपी फाटलेली, बुडाशी तेल-मातीचा थर. कोरडा असताना मीटर काहीच दाखवत नव्हता. झारीनं पाणी शिंपडलं आणि रीडिंग काही किलोओहमवर उतरलं, म्हणजे करंट झिरपू लागला. पहाटेच्या ओलाव्यानं होत होतं ते हेच. ऊन आलं की वाळायचं आणि गाडी शहाण्यासारखी गप्प बसायची.

नवा स्विच टोपीसकट बसवला, खालचा पत्रा घासून घेतला, जुना पिळून टेप मारलेला जॉईंट तोडून सोल्डर केला आणि वर स्लीव्ह चढवली. बॉनेटखालचे रबर दबले होते, तेही थोडे वर फिरवले, म्हणजे बॉनेट थरथरायला नको. शॉक सेन्सर पुन्हा जागेवर आणला. गाडी रात्रभर पावसात उघड्यावर ठेवली आणि मगच दिली.

बिल बघून मास्तर म्हणाले, ‘‘ताई, स्विच केवढ्याचा?’’ मी खरी किंमत सांगितली. ‘‘आणि बाकीचे?’’ ‘‘बाकीचे शोधायचे, सर.’’ त्यांनी हसून दिले. सगळेच देत नाहीत. म्हणून आता गाडी आत घेण्याआधीच तपासणीचे पैसे सांगतो, पार्ट लागो न लागो. यावरून सासऱ्यांशी बरेच दिवस कुरबुर झाली. त्यांच्या मते पैसे वस्तूचे घ्यायचे, डोक्याचे नाहीत. काही जुनी गिऱ्हाइकं तुटलीही. पण दोष शोधणं फुकट केलं की मिस्त्री घाई करतो आणि पार्ट विनाकारण बदलले जातात, हे मी रोज बघते.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी कितीतरी मागे टाकली आणि शाहूपुरी, नागाळा पार्कातल्या गाड्या बुडाल्या. इंजिनं लगेच दुरुस्त झाली. अलार्मच्या तक्रारी आल्या त्या नंतरच्या हिवाळ्यात. कार्पेट वरून वाळलेलं, पण खालून जाणाऱ्या दारांच्या वायरींच्या जॉईंटवर हिरवट थर चढलेला. त्यानंतर पुरातली गाडी आली की सीट आणि कार्पेट काढल्याशिवाय आम्ही भावच सांगत नाही. २०२१ च्या पुरानंतर याचा फार उपयोग झाला.

सगळेच अलार्म बिघाडामुळे वाजत नाहीत हेही सांगायला हवं. गणपतीत महाद्वार रोडच्या आसपास गाडी लावाल तर ती वाजणारच. त्याला दुरुस्ती नाही, गाडी लांब लावा.

आता दुकानात आम्ही चौघं आहोत. डायनॅमोचं काम दीर बघतात, वायरिंगचे दोष माझ्याकडे. गाडी दाखवायला येताना दोन्ही रिमोट आणा. अलार्म किती वाजता वाजला, पाऊस होता का, गाडी नुकतीच चालवून लावली होती का, एवढं कागदावर लिहून आणा. आणि वैतागून बॅटरीची वायर काढून ठेवू नका, काही युनिटांतली शेवटची नोंद त्यानं पुसली जाते आणि शोधायचा वेळ तुमच्याच बिलात वाढतो.