गोळी लागू पडतेय का, हे तपासत का नाहीत?

"बाबांची अँजिओप्लास्टी झाली, क्लोपिडोग्रेल चालू आहे. ती लागू पडतेय की नाही हे रक्तावरून कळतं म्हणे. मग डॉक्टर तपासणी का सांगत नाहीत?" मी प्लेटलेटवर संशोधन करते हे कळलं की हा प्रश्न येतोच. प्लेटलेट म्हणजे रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी, आणि क्लोपिडोग्रेल ही त्यांना एकमेकींना चिकटू न देणारी गोळी.

डेंग्यूमुळे प्लेटलेटचा आकडा आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. पण ती झाली संख्या. प्लेटलेट एकमेकींना किती चटकन चिकटतात, हे त्यातून कळत नाही. ते मोजायची पद्धत गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडली, आणि प्रयोगशाळेत आजही तीच प्रमाण मानतात. रक्त यंत्रात हलकेच गरगर फिरवून प्लेटलेटसकट प्लाझ्मा वेगळा काढायचा. तो गढूळ असतो. त्यात एडीपी हे प्लेटलेटना चेतवणारं रसायन घातलं की प्लेटलेटचे पुंजके होतात, प्लाझ्मा निवळतो, प्रकाश जास्त आरपार जातो आणि आलेख वर चढतो. तो चढताना बघणं मला अजूनही फार आवडतं. गोळीचा अंमल असेल तर तो फारसा चढत नाही.

पण प्लेटलेट भारी हळव्या. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलली, फ्रिजमध्ये ठेवली, की निकाल बिघडलाच. सगळं काम चारेक तासांत उरकावं लागतं.

क्लोपिडोग्रेल यकृतात गेल्यावरच कामाचं होतं. ते काम करणारं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम पुष्कळ भारतीयांत जन्मतःच मंद असतं. अशांच्या प्लेटलेट गोळी घेऊनही चिकट राहू शकतात आणि स्टेंटमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या जाळीच्या नळीत, गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे तुमची शंका रास्तच आहे.

तरीही तपासून औषध बदलल्यानं फायदा झाला का? २०११ च्या ग्रॅव्हिटास चाचणीत अशा रुग्णांना दुप्पट डोस दिला, फरक पडला नाही. फ्रान्समधल्या आर्क्टिक चाचणीत (२०१२) २,४४० रुग्ण होते. तिथेही आकडा बघून उपचार बदललेल्यांचं काही अधिक भलं झालं नाही. माझ्या मते आकडा धोका दाखवतो, पण धोक्याचं मूळ एकट्या प्लेटलेटमध्ये नसतं. मधुमेह असतो, मूत्रपिंडं असतात, स्टेंट कसा बसलाय तेही असतं. म्हणून ही तपासणी सरसकट करत नाहीत. हार्ट अटॅक आलेल्यांना बहुधा थेट टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल या अधिक जोरदार गोळ्या देतात. बायपास लवकर करायची असेल, तर गोळी बंद केल्यावर किती थांबायचं हे ठरवायला मात्र ती उपयोगी पडते.

बाबांचा दात काढायचा असला, तरी गोळी परस्पर बंद करू नका. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.