२२आरई गरम झाली की का बंद पडत होती: सीओआर अखेर सापडला

सुटला गुंता! माझी गाडी तापली की बंद पडायची, आणि टाकीतल्या पेट्रोल पंपावर संशय घेऊन मागच्या नोंदीत मी टाकी उतरवायच्या बेतावर येऊन थांबलो होतो. तो बेत रद्द. १९९१च्या टोयोटा पिकअपची (इंजिन २२आरई) टाकी जागेवर आहे, पंपही जुनाच आहे, आणि काल भर उन्हात काचा बंद करून उभी ठेवल्यावरसुद्धा गाडी एका चावीत सुरू होऊन सुरूच राहिली. दोष सर्किट ओपनिंग रिलेत, म्हणजे पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या सीओआरमध्ये होता.

लक्षण तुम्हाला माहीत आहेच. थंड गाडी ठणठणीत. सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यात, पारा ४०च्या घरात असताना पार्किंगमध्ये तापली, की स्टार्टर मारल्यावर इंजिन लगेच सुरू व्हायचं आणि चावी सोडताच, अगदी त्याच क्षणी, बंद. त्या वेळेतच सगळं उत्तर होतं. या रिलेत दोन कॉइल असतात. एक एसटीए या पिनवरची (स्टार्टरचा सिग्नल), ती फक्त स्टार्टर फिरताना ओढते. दुसरी एफसी या पिनवरची. तिला ग्राउंड मिळतं एएफएममधून, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या मीटरमधून: हवेनं फ्लॅप जरासा उघडला की आतला कॉन्टॅक्ट जुळतो आणि पंप चालू राहतो. म्हणून नुसती चावी ऑन केली तर या गाडीत पंपाचा आवाज येतच नाही. एवढ्यावरून चांगले पंप भंगारात गेलेले मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

पहिली चाचणी डायग्नोस्टिक बॉक्समध्ये, म्हणजे तपासणीसाठीच्या कनेक्टरमध्ये. गाडी तापवून बंद पाडली, बी+ (बॅटरी) आणि एफपी (पंप) या पिनांमध्ये वायरचा तुकडा घातला, चावी ऑन. रिटर्न होजवर बोट ठेवलं तर पेट्रोल परतताना सळसळ लागत होती. इंजिन सुरू केलं, चावी सोडली, चालूच राहिलं. म्हणजे पंप, फिल्टर, मागपर्यंतची वायरिंग, सगळं निर्दोष. इथंच टाकीचा बेत बारगळला.

मग संशय एएफएमवर. कनेक्टर काढला, एअर फिल्टर बाहेर घेतला आणि खालून बोटानं फ्लॅप ढकलला. बंद असताना एफसी आणि ई१ (ग्राउंड) यांच्यात जोडणी नाही, केसभर उघडल्यावर शून्य ओहम. गरम असतानाही तसंच. एएफएम निर्दोष सुटला.

राहिला सीओआर. तो उजवीकडे ग्लव्ह बॉक्सच्या मागं, किक पॅनेलच्या वर बसतो. हात आत जातो, पण डोकं जात नाही. ग्लव्ह बॉक्स सरळ काढून ठेवा, निम्मा त्रास वाचतो. रिले काढून टेबलावर मोजला: एसटीए ते ई१ २१ ओहम, बी ते एफसी ९७. मॅन्युअलमध्ये १७ ते २५ आणि ८८ ते ११२ दिलंय, म्हणजे दोन्ही मापं बरोबर. बारा व्होल्ट दिल्यावर टक् आवाज, बी ते एफपी जोडणी पक्की. कागदोपत्री रिले उत्तम! इथं मी खरंच वैतागलो.

रिले परत बसवला, कनेक्टरच्या मागून बारीक पिना घालून मीटर एफसीवर लावला आणि गाडी उन्हात ठेवली. चावी ऑन आणि फ्लॅप बंद असताना एफसीवर बॅटरीइतके व्होल्ट दिसायला हवेत, कारण ते कॉइलमधून येतात. फ्लॅप उघडला की शून्य. गाडी थंड असताना अगदी तसंच दिसलं. तापल्यावर फ्लॅप बंद असूनही शून्य, आणि बी पिनवर मात्र पूर्ण बारा. कॉइलची वाट रिलेच्या आतच तुटत होती. हा आकडा पाहून झालेला आनंद शब्दांत मावणार नाही. या कामाला डिजिटल मीटरच हवा. टेस्ट लॅम्प ओढतो तो करंट ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) वायरींच्या आसपास मला नको वाटतो.

टेबलावर हेअर ड्रायर धरला तर ९७ ओहम बघता बघता गायब. झाकण उघडून भिंगाखाली पाहिलं: एफसीच्या पिनभोवतीच्या सोल्डरच्या डागाला केसासारखी गोल चीर. काडीनं पिन हलवली की डाग जागेवर आणि पिन मधोमध डुलते. इतक्या वर्षांची थरथर आणि ऊन, दुसरं कारण दिसत नाही. जुना डाग शोषून काढला, फ्लक्स लावून नवा दिला, शेजारच्या पिनाही हाताबरोबर करून घेतल्या. आता ड्रायरखाली ओहम थोडे वाढतात, तुटत नाहीत.

मधल्या काळात एका स्वस्त ऑनलाइन दुकानातून नवा रिले मागवला होता. त्याची एफसी कॉइल साठ ओहमच्या आसपास निघाली. परत पाठवला. त्यापेक्षा जंकयार्डमधल्या २२आरई इंजिनाच्या टोयोटा फोररनरचा जुना डेन्सो कंपनीचा रिले नंबर जुळवून घ्यावा आणि डाग नवे द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक कळकळीची विनंती. बी+ आणि एफपीमधली वायर 'चालतंय ना' म्हणून तशीच ठेवून फिरू नका. अपघातात इंजिन बंद पडलं की फ्लॅप मिटतो आणि पंप थांबतो, त्यासाठीच ही सगळी रचना आहे. वायर राहिली तर फुटलेल्या लाइनमधून पंप पेट्रोल ओततच राहील.

हे लिहिता लिहिता एक सुचलं. एफसीच्या वायरमध्ये लपवलेला छोटा स्विच टाकला तर? चोराला इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडेल, आणि तो बिचारा पंपालाच दोष देईल. करंट फार थोडा, साधा टॉगल पुरेल, पण चालत्या गाडीत चुकून धक्का लागणार नाही अशी जागा हवी. पुढच्या शनिवारी टायमिंग चेनचे गाइड बघायचे ठरले होते, ते थांबतील. आधी जंकयार्डमधून सुटा सीओआर आणि मग हा स्विच. सीटखाली की ॲश ट्रेच्या मागं, कुणी लावला असेल तर जागा सांगा.