तुम्ही विचारलंत म्हणून: आरओए केला, मग जुन्या नोंदी कशाला आवरायच्या?

‘आरपीकेआयमध्ये आरओए करून झाला. आता राउटिंग रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदींकडे कशाला बघायचं?’ नेटवर्क सांभाळणारी मंडळी हे वरचेवर विचारतात. (आरपीकेआय म्हणजे इंटरनेट पत्ते कोणाचे हे डिजिटल सह्यांनी पडताळण्याची व्यवस्था, आरओए हा तिच्यातला सही केलेला परवाना; आणि राउटिंग रजिस्ट्री, म्हणजेच आयआरआर, हे कोणतं नेटवर्क कोणते पत्ते जाहीर करतं याच्या नोंदींचे जुने डेटाबेस.) बघायचं, कारण तुमचा अपस्ट्रीम, म्हणजे तुम्हाला इंटरनेटशी जोडणारा प्रोव्हायडर, तुमच्यासाठीचा प्रिफिक्स फिल्टर (तुमच्याकडून कोणते पत्त्यांचे ब्लॉक, म्हणजे प्रिफिक्स, स्वीकारायचे ती यादी) बहुधा अजूनही आयआरआरमधूनच बनवतो. आरओए एवढंच सांगतो की हा ब्लॉक अमुक एएसने (स्वतःचा क्रमांक असलेल्या नेटवर्कने) ओरिजिनेट केला, म्हणजे मुळात त्याने जाहीर केला, तर चालेल. तुमच्यामागे कोणकोणते ग्राहक आहेत हे त्याला ठाऊक नसतं. ते काम एएस-सेटचं, म्हणजे आयआरआरमधल्या एएसच्या यादीचं.

आयआरआरचं दुखणं जुनं आहे: नोंद करायला सगळे पुढे, काढायला कोणी नाही. प्रोव्हायडर बदलला तरी त्याने तुमच्या वतीने केलेला राउट ऑब्जेक्ट (‘हा ब्लॉक या एएसकडून येतो’ अशी नोंद) तसाच पडून राहतो. शिवाय काही डेटाबेसमध्ये पत्ते खरोखर तुमचे आहेत का, हे तपासलंच जात नसे. युरोपकडची पत्त्यांची रजिस्ट्री राईपने २०१८ मध्ये अशा परक्षेत्रातल्या नोंदी वेगळ्या काढल्या, उत्तर अमेरिकेकडच्या आरिनने आपला न तपासलेला डेटाबेस २०२२ मध्ये बंद केला. आयआरआरडी या आयआरआर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीत आरपीकेआयची तपासणी चालू केली की आरओएशी न जुळणारे राउट ऑब्जेक्ट उत्तरात येतच नाहीत. म्हणून सफाईची सुरुवात आरओएपासूनच करा. बराच कचरा त्यानेच गळतो.

पण आरओए करताना दोन चुका हमखास होतात. पहिली क्रमाची. समजा १९८.१८.०.०/२० तुमचा आहे आणि त्यातला एक /२४ (तिरक्या रेषेपुढचा आकडा मोठा, तितका ब्लॉक लहान) ग्राहक स्वतःच्या एएसने अनाउन्स, म्हणजे जाहीर, करतो. आधी /२० चा आरओए केलात, तर ग्राहकाचा राउट त्याच क्षणापासून इनव्हॅलिड (आरओएशी विसंगत) ठरतो. तेव्हा आधी आतल्या तुकड्यांचे आरओए, मग मोठ्या ब्लॉकचा.

दुसरी चूक मॅक्सलेंग्थची (ब्लॉकचे किती लहान तुकडे अनाउन्स करायला आरओए मुभा देतो त्या मर्यादेची), आणि ही जास्त महागात पडते. ‘पुढे लागेल’ म्हणून /२० वर मॅक्सलेंग्थ २४ ठेवली जाते. अनाउन्स मात्र फक्त /२० होतो. आता कोणीही एएस-पाथच्या (राउट ज्या एएसमधून आला त्यांच्या साखळीच्या) शेवटी तुमचा क्रमांक चिकटवून आतला एखादा /२४ अनाउन्स केला, तर तो व्हॅलिड दिसतो, आणि जास्त नेमका प्रिफिक्स जिंकतो या नियमाने ट्रॅफिक तिकडे वळतो. मॅक्सलेंग्थ २० ठेवली असती तर तो /२४ इनव्हॅलिड ठरला असता. हल्लेखोराला तुमच्याच /२० शी बरोबरीने झुंजावं लागलं असतं. २०२२ चा आरएफसी ९३१९ हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज हेच सांगतो: जेवढं अनाउन्स करता तेवढ्याचाच आरओए.

त्यानंतर राउट आणि (आयपीव्ही६ साठी) राउट६ ऑब्जेक्ट तुमच्या स्वतःच्या रिजनल रजिस्ट्रीच्या आयआरआरमध्ये करा, इतरत्र नको. इतरत्र काय पडलंय ते आयआरआर एक्सप्लोरर या वेबसाइटवर प्रिफिक्स टाकला की दिसतं. जिथे मेंटेनर (नोंद बदलण्याचा अधिकार असलेला) तुमचा नाही, तिथे नोंद काढण्याची विनंती आधी त्या मेंटेनरला करा; दाद लागली नाही तर डेटाबेस चालवणाऱ्यांना लिहा, पत्ते तुमच्या नावावर असल्याचा पुरावा जोडून.

एएस-सेटचं नाव ‘एएस-ग्राहक’ छापाचं ठेवू नका. तेच नाव दुसऱ्या डेटाबेसमध्ये दुसऱ्याचं असू शकतं, आणि बीजीपीक्यू४ या फिल्टर बनवणाऱ्या साधनाला जो आधी सापडेल त्याच्यावरून फिल्टर बनतो. नावाच्या सुरुवातीला स्वतःचा एएस क्रमांक आणि मग कोलन घाला, आणि पीअरिंगडीबीत (नेटवर्कांच्या सार्वजनिक माहितीसूचीत) डेटाबेसच्या नावासकट लिहा. सेटमध्ये ग्राहकाचा सेट घेतलात तर त्याच्या पोटातले सेटही उघडून पाहा. तिथे एखादा बडा ट्रान्झिट (इतर नेटवर्कांचा ट्रॅफिक वाहणारा प्रोव्हायडर) घुसला असेल तर तुमच्यासाठीचा फिल्टर लाखभर ओळींचा होतो, म्हणजे फिल्टर नसल्यासारखाच.

रजिस्ट्रीच्या खात्याला टू-फॅक्टर लावलाच पाहिजे. २०२४ च्या जानेवारीत ऑरेंज स्पेन या टेलिकॉम कंपनीच्या राईप खात्यात शिरलेल्याने चुकीचे आरओए केले आणि कंपनीचे खरे राउटच इनव्हॅलिड ठरून गळले. यात राउटरला हातही लागला नव्हता.

नवा ब्लॉक अनाउन्स करायचा असेल तर नोंदी किमान एक दिवस आधी करा. व्हॅलिडेटर (आरओए तपासणारी सॉफ्टवेअर) आरओए तासाभरात उचलतात, पण अनेक प्रोव्हायडरांचे आयआरआर फिल्टर दिवसातून एकदाच नव्याने बनतात.